वस्तीतल्या दोन गुंठ्यांवर सामूहिक भाजीबाग: पाणी चार-पाच दिवसांनी, माती काळी, घरं चाळीस. कसं बसवावं?

पूर्वभाग_परसबाग

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या पूर्व भागात, अक्कलकोट रोडच्या अंगाला चाळीस घरांची वस्ती आहे. बायका विड्या वळतात, पुरुष यंत्रमागावर नाहीतर एमआयडीसीत. लेआउटमधली महापालिकेची मोकळी जागा पडून आहे, दोन गुंठे, म्हणजे साधारण १० बाय २० मीटर. लागूनच समाजमंदिर, त्याचं सिमेंटचं छत ११० चौरस मीटर भरतं. कोपऱ्यात चालू हापसा आहे. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी.

भाजीवाला वस्तीत येतो तो दहा-साडेदहाला, बाकीच्या गल्ल्यांतून उरलेला माल घेऊन. लक्ष्मी मंडई गाठायची तर रिक्षाचं भाडं भाजीच्या वर जातं. रेशनवर माणशी ५ किलो धान्य मिळतं, भाजी नाही मिळत. दोन बचत गटांचं म्हणणं आहे की इथं पालेभाजी लावावी, आणि अंगणवाडीची पोरं व गरोदर-बाळंतीण बायकांना आठवड्यातून निदान तीनदा हिरवं पोटात जावं.

माती काळी चिकट, मध्ये मध्ये राडारोडा. पूर्वेच्या कोपऱ्यात काही वर्षं भंगारचा ढीग होता, त्यात बॅटऱ्या पण असायच्या. नमुन्याला एक वाफा केलाय. मेथी उगवली, पण कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. पाण्याचं गणित कसं बसवायचं, माती कशी सुधारायची, आणि मुख्य म्हणजे निघालेला माल चाळीस घरांत वाटायचा कसा, यावर माहितगारांनी लिहावं. "शेणखत घाला, छान होईल" एवढंच लिहू नये ही विनंती.

काळीरान

आधी भंगारचा कोपरा. बॅटऱ्या फुटलेल्या जागी शिसं असतं, ते पाण्याबरोबर वाहून जात नाही आणि कुजत नाही, वरच्या अर्ध्या फुटात बसून राहतं. पालेभाजीला ते मुळातून कमी आणि पानावर बसलेल्या धुळीतून जास्त जातं. सरकारी मृदा चाचणीच्या पत्रिकेत सामू (पीएच), क्षार, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश आणि लोह-जस्त येतात, शिसं येत नाही. ते खासगी प्रयोगशाळेत वेगळे पैसे भरून, नाव घेऊन मागायचं. त्या कोपऱ्यातून पाच-सहा ठिकाणची वरची १५ सेंटीमीटर माती एकत्र करून एक नमुना, आणि लांबच्या टोकाचा दुसरा नमुना तुलनेला. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं घराच्या अंगणातल्या मातीसाठी शिशाची सावधगिरीची पातळी २०२४ मध्ये किलोमागे ४०० मिलिग्रॅमवरून २०० वर आणली, तेवढा अंदाज डोक्यात ठेवा. चाचणी होत नसेल तर वाद न घालता तो कोपरा लागवडीतून काढा. तिथं फरशी टाकून बसायची जागा करा. कंपोस्टचा खड्डा तिथं नको, कारण खत उपसताना खालची माती खरवडून वर येणारच.

आता मेथी. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह. नत्र कमी पडलं तर खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात, इथं वरची पडतायत. सोलापूरच्या काळ्या रानात लोह असतं हो, पण मातीत चुनखडी आणि सामू आठच्या वर, त्यामुळं झाडाला उचलता येत नाही. त्यात राडारोड्यातला चुना आणि सिमेंट मिसळलं की अजून वाईट. आणि रोज पाणी मारून वाफा गच्च ओला ठेवला असेल तर तेही एक कारण. आधी पाणी एक दिवसाआड करा. लगेचचा उपाय म्हणून १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम लिंबूसत्व, संध्याकाळी फवारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा. द्रावण ताजं असताना फिकट हिरवट दिसतं. तांबूस झालं तर ओतून द्या, ते कामाचं राहिलं नाही. फवारल्यावर आठवडाभर कापणी नको, नंतर धुऊन खा. मातीत नुसतं फेरस सल्फेट भुरभुरलं तर चार दिवसांत चुनखडी ते बांधून टाकते, म्हणून द्यायचंच तर शेणखतात मुरवून द्या.

जिप्सम टाका असं कुणीतरी सांगेलच. माती चोपण झाली असेल, म्हणजे सोडियम वाढलाय असं पत्रिकेत आलं, तरच जिप्समचा उपयोग. नुसत्या चुनखडीच्या मातीत जिप्सम म्हणजे साखरेच्या पोत्यात साखर. वाळूचंही तसंच. एक ट्रॉली वाळू मिसळली की माती भुसभुशीत होईल असं वाटतं, पण काळ्या मातीत फरक पडायला जवळजवळ निम्मी वाळू लागते. थोडी वाळू आणि चिकण माती मिळून वाळल्यावर विटेसारखा ढेकूळ होतो.

खणायच्या आधी तीन ठिकाणी दोन फुटी खड्डे घ्या. एक फुटाखाली मुरूम लागला तर निचरा बरा आहे, काळीच लागत गेली तर सप्टेंबरात पाणी साचणार. आपल्याकडं वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, पण त्यातला मोठा वाटा सप्टेंबरातच कोसळतो, आणि रब्बीच्या पालेभाज्यांची पेरणी त्याच्या मागोमाग. म्हणून गादीवाफे. ९ मीटर लांब, १ मीटर रुंद, २५ ते ३० सेंटीमीटर उंच असे ११ वाफे बसतात, मध्ये ४५ सेंटीमीटरची वाट. त्यातली एक वाट दोन फुटी ठेवा, डोक्यावर घमेलं घेतलेल्या बाईला वळता आलं पाहिजे. लागवडीचं क्षेत्र झालं जवळजवळ १०० चौरस मीटर. त्यावर पहिल्या वर्षी कुजलेलं खत ५ सेंटीमीटर जाडीचं, म्हणजे ५ घनमीटर, वजनात अडीच-तीन टन. ताजं शेण नको. कोथिंबीर कच्ची खाल्ली जाते आणि ताज्या शेणातले जंतू पानापर्यंत येतात. शिवाय ताज्या शेणाबरोबर हुमणी आणि तणाचं बी येतं ते वेगळंच.

आणि वाफसा आल्याशिवाय कुदळ लावू नका. मूठभर मातीचा लाडू करून छातीच्या उंचीवरून टाकायचा. फुटला तर वाफसा आहे, चपटा होऊन पडला तर अजून दोन दिवस थांबा. ओल्या काळ्या मातीत पाय फिरले की तो वाफा पूर्ण हंगाम दगडासारखा राहतो. पोरांना वाफ्यावर चढू न देणं हे निम्मं मशागतीचं काम आहे.

साखरपेठकर

पाण्याचं एवढं काय, नळ येतो त्या दिवशी टाकी भरून ठेवायची. महापालिकेचंच पाणी, महापालिकेचीच जागा.

थेंबथेंब

साखरपेठकर, नाही जमणार, आणि जमवूही नये. पाच दिवसांनी आलेल्या नळावर हंडे लागलेले असताना बाजूला दोन हजार लिटरची टाकी भाजीसाठी भरताना दिसली की बाग पहिल्याच आठवड्यात वस्तीच्या मनातून उतरते. ज्यांच्या घरी टाकी नाही, दोनच पिंपं आहेत, त्यांच्याच तोंडचं पाणी ते. नळ या हिशेबातून बाहेर ठेवा.

आता गणित. थंडीत पालेभाजीला चौरस मीटरला रोज ३ ते ४ लिटर, एप्रिल-मे मध्ये आच्छादन आणि शेडनेट असूनही ६ ते ७. शंभर चौरस मीटर म्हणजे हिवाळ्यात रोज साडेतीनशे, उन्हाळ्यात साडेसहाशे लिटर. हापशातून मिनिटाला साधारण १२ लिटर निघतं. हिवाळ्याचं पाणी अर्ध्या तासाच्या हापसण्यात होतं, उन्हाळ्याचं पाऊण तासाच्या वर, तेही पाणी तेवढं खोल गेलेलं नसेल तर. ते कुणी करत नाही, पहिले पंधरा दिवस सोडले तर. म्हणून मार्चच्या मध्याला बाग घडी घालायची. चार-साडेचार वाफे, ४० चौरस मीटर, ५० टक्क्यांच्या शेडनेटखाली चालू ठेवायचे, बाकीच्यांवर जाड आच्छादन टाकून ते झोपवायचे. ४० चौरस मीटरला रोज २६०-२८० लिटर लागतं, पंधरा लिटरच्या हंड्यानं १८ खेपा. हे निभतं.

समाजमंदिराचं छत सोन्यासारखं आहे. ११० चौरस मीटर छत, साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, वीस टक्के तूट धरली तरी वर्षाला ४८ हजार लिटर. पण ते सगळं साठवायचं म्हटलं तर हौद बांधावा लागेल. ५ हजार लिटरची टाकी ५७ मिलिमीटर पावसात भरते, त्याच्या वरचं पाणी गाळून हापशाजवळच्या शोषखड्ड्यात सोडा. हापशाचं पाणी त्यानंच टिकेल. मोसमाचा पहिला पाऊस, निदान दोनशे लिटर, बाहेर जाऊ द्या. छतावरची कबुतरांची घाण त्यात असते.

टाकीचा ओटा. इथं हमखास चुकतं. पाच हजार लिटर म्हणजे पाच टन. काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, पावसात फुगते. तिच्यावर थेट विटांचा ओटा बांधला तर दुसऱ्या पावसाळ्यात तो एका अंगाला कलतो आणि टाकीचा खालचा जोड गळायला लागतो. ओट्याच्या मापापेक्षा फूटभर जास्त घेऊन ६० सेंटीमीटर काळी माती उपसा, मुरूम थरथरानं पाणी मारून चोपा, मग ओटा. उंची एक मीटर.

त्या एक मीटरवर ठिबक चालतं, पण दुकानदार सांगतो तसं नाही. १६ मिलिमीटरची इनलाइन नळी, ३० सेंटीमीटरवर छिद्र, ताशी २ लिटर असं लिहिलेलं असतं. ते एक किलो दाबाला, म्हणजे १० मीटर उंचीच्या पाण्याला. एक मीटरला प्रवाह निम्म्याहूनही खाली जातो, ताशी ०.६ लिटरच्या आसपास. वाफ्याला दोन नळ्या, ६० छिद्रं, अकरा वाफ्यांना ६६०, म्हणजे ताशी ४०० लिटर. हिवाळ्याचं पाणी तासाभरात बसलं. दाबनियंत्रित ड्रिपर चुकूनही घेऊ नका, एवढ्या कमी दाबाला ते नीट उघडतच नाहीत आणि मग "ठिबक फेल गेलं" म्हणून नळ्या गुंडाळून ठेवल्या जातात. १२० मेशची जाळी टाकीच्या तोंडाशीच लावा. दर पंधरा दिवसांनी नळीचं शेवटचं टोक उघडून पाणी धाडकन सोडा. पांढरा चुरा पडला तर तो हापशाच्या पाण्यातला क्षार.

हापशाचं पाणी हंड्यानं एवढ्या उंच टाकीत ओतायला कुणाचेच हात पोचणार नाहीत. म्हणून टाकी पावसाच्या पाण्याला, आणि हापसा मडक्यांना. बिनरंगाचं, आतून बाहेरून कसलाही लेप नसलेलं ५ ते ७ लिटरचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, वर परळ झाकायचं. घेताना भरून सावलीत ठेवा, दोन-तीन तासांत बाहेरून घाम फुटून अंग गडद झालं तर घ्या, कोरडं राहिलं तर ते बागेच्या कामाचं नाही. दोडका, दुधी, वांगी मडक्याभोवती वीतभर अंतरावर लावा. काळ्या मातीत ओल आडवी चांगली पसरते, एकदा भरलं की दोन-तीन दिवस निघतात. परळ झाकायलाच हवं, नाहीतर मडक्यात डासांच्या अळ्या होतात आणि मग पूर्ण बागेवर बोंब. क्षारानं वर्षा-दोन वर्षांत भोकं बुजतात, तेव्हा उपसून वाळवून काथ्यानं घासा.

जारवाल्या पाण्याच्या प्लांटचं वाया जाणारं पाणी फुकट मिळतं म्हणून घेऊ नका, त्यात क्षार एकवटलेले असतात. कपड्यांच्या साबणाचं पाणीही नको, काळी माती त्यानं चोपण होते. तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं चालतं. नाल्याचं तर अजिबात नाही, मग तो कितीही "वाहता" असो.

अंबाडी

पिकांबद्दल. पालक-मेथीच्या पुढं कुणी जातच नाही, आणि मार्च आला की बाग उजाड.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी मेथी, पालक, चाकवत, शेपू, कोथिंबीर घ्याच. त्यात करडई घाला. करडईच्या संशोधनाचं गाव आपलं, पण भाजी म्हणून ती शहरात विसरलीय. सप्टेंबर अखेरीस-ऑक्टोबरात ओलीवर दाट पेरायची, २५ ते ३० दिवसांनी विरळणी करून काढलेली रोपं म्हणजेच भाजी. त्याच्या पुढं पानाला काटे धरतात. खोल मुळाचं पीक, पाणी अगदी कमी मागतं.

उन्हाळ्याला तांदुळजा, राजगिरा, चवळीचा पाला, घोळ आणि अंबाडी. अंबाडीला कानडी घरात पुंडी म्हणतात, तेलुगू घरात पुंटिकूर किंवा गोंगुरा, आणि तुमच्या वस्तीत ती न शिकवता खपेल. काही घरात ती डाळीत जाते, काही घरात नुसती तव्यावर, लसणीची फोडणी देऊन. परक्या भाज्या "पौष्टिक" म्हणून लावायच्या आणि मग कुणी नेत नाही म्हणून हळहळायचं, त्यापेक्षा हे बरं. मेथी आणि कोथिंबीर एप्रिलात लावू नका, उन्हानं करपते नाहीतर लगेच फुलावर येते.

बियाणं ९ चौरस मीटरच्या वाफ्याला मेथी २५ ते ३० ग्रॅम, पालक तेवढाच, तांदुळजा फक्त २ ते ३ ग्रॅम, तो मूठभर वाळूत मिसळून फेकायचा, नाहीतर एकाच जागी गठ्ठा उगवतो. धने रगडून दोन फाकी करून पेरा. पूर्ण वाफा एकदम पेरू नका. तीन भाग करा आणि आठ-दहा दिवसांच्या अंतरानं पेरा. एकाच दिवशी सगळी मेथी तयार झाली की निम्मी पिवळी पडून कंपोस्टात जाते. पालक कापताना दोन बोटं बुंधा ठेवायचा, पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा कापणी, चार-पाच वेळा निघतो.

कुंपणाला शेवगा, तीन-तीन मीटरवर. पीकेएम-१ किंवा कोकण रुचिरा. कमरेएवढा झाला की शेंडा खुडा, नाहीतर वीस फूट जातो आणि पाला तोडायला शिडी लागते. बुंध्याशी पाणी साचलं की कुजतो, म्हणून उंचवट्यावर. शेवग्याचा पाला हा उन्हाळ्यातला विमा आहे. डुकरं आणि शेळ्या मात्र शेवग्यानं अडत नाहीत. खालून फूटभर जाळी जमिनीत पुरा किंवा दगड लावा, डुक्कर नेहमी खालून उकरतं.

आता तुमच्या वस्तीपुरतं एक. विडीच्या पानांची कात्रणं घरोघरी निघतात, ती आच्छादनाला आणि कंपोस्टमधल्या कोरड्या थराला फार चांगली. ओल्या भाजीच्या कचऱ्याच्या दीड-दोन पट कोरडं, एक मीटर उंच ढीग, दहा दिवसांनी पलटी. पण कात्रणं चाळून घ्या, तंबाखूची भुकटी त्यात नको. तंबाखू आणि टोमॅटो-मिरची-वांगी एकाच कुळातली. तंबाखूचा मोझॅक विषाणू वाळलेल्या पानातही टिकतो, आणि विडी वळलेल्या हातानं मिरचीचं रोप लावलं की हातावाटे रोपात जातो. पानं चुरगळल्यासारखी, फिकट-गडद ठिपक्यांची होतात, त्याला औषध नाही, उपटून जाळावं लागतं. रोपं लावायच्या दिवशी हात साबणानं नीट धुवा. चार भाग पाणी आणि एक भाग मलईविना दुधाची पावडर असं भांडं जवळ ठेवून मधूनमधून त्यात हात बुडवले तर विषाणूचा प्रसार कमी होतो. पालेभाज्यांना ही अडचण नाही, म्हणून सुरुवात पालेभाज्यांनीच करा.

अळी-मावा दिसला तर ५ टक्के निंबोळी अर्क. १० लिटरला अर्धा किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजत, सकाळी गाळून, चिमूटभर साबण घालून त्याच दिवशी संपवायचा.

पूर्वभाग_परसबाग

सगळ्यांचे आभार. अंबाडीताई, वस्तीत पुंटिकूरच म्हणतात. वाटपावर अजून कुणी लिहिलं नाही. एका गटाचं म्हणणं, जी राबेल तिला माल. दुसऱ्याचं, सगळ्यांना सारखं. तिसरं एक मत, निम्मा विकून खर्च काढा. आणि झोन कार्यालयात अर्ज कुणाच्या नावानं द्यायचा?

हिशेबवही

आधी आकडा बघा, मग भांडा.

जागतिक आरोग्य संघटनेचं माप माणशी रोज ४०० ग्रॅम फळं-भाज्या. पाच माणसांच्या घराला महिन्याला ६० किलो, चाळीस घरांना २,४०० किलो. तुमच्या शंभर चौरस मीटरमधून चांगल्या हिवाळ्यात महिन्याला ८० ते १०० किलो पाला निघेल, म्हणजे गरजेच्या चार टक्के. उन्हाळ्यात ३०-४० किलो. सारखं वाटलं तर घरटी हिवाळ्यात महिन्याला दोन-अडीच किलो, उन्हाळ्यात किलोभरही नाही. ही बाग वस्तीला पोसणार नाही, हे पहिल्या बैठकीत फळ्यावर लिहून टाका. न लिहिता सुरू केलेल्या बागा दुसऱ्या वर्षी "आमच्या वाट्याला काय आलं" यावर मोडतात.

आता तुमचा मूळ हेतू घ्या. समजा अंगणवाडीत १५ पोरं आणि १० गरोदर-बाळंतीण बायका. पोरांना गरम जेवणात प्रत्येकी ५० ग्रॅम पाला, महिन्यातून १२ दिवस, झाले ९ किलो. बाईला घरपोच पाव किलोची जुडी, कारण तिच्या नावानं दिलेली भाजी घरच्या सगळ्यांच्या पातेल्यात जाणार आणि ते धरूनच द्यायला हवं. १० बायका, १२ दिवस, ३० किलो. एकूण ३९. म्हणजे उन्हाळ्यात घडी घातलेल्या बागेतही ओढूनताणून बसतं, आणि हिवाळ्यात निम्म्याहून जास्त उरतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुलं आणि ५४.२ टक्के बायका रक्तक्षयात आढळल्या. तेव्हा हे २५ जण आधी, बाकी सगळं नंतर. भाजीवर लिंबू पिळायला सांगा आणि जेवणावर लगेच चहा नको, पाल्यातलं लोह त्यानं अंगी लागत नाही. नुसत्या पाल्यानं रक्तक्षय जाणार नाही, दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या चालूच राहिल्या पाहिजेत.

"जी राबेल तिला" हे ऐकायला रास्त वाटतं, पण तपासा. बागेला रोज दोन तास काम, महिन्याला ६० तास. चाळीस घरांत वाटलं तर घरटी दीड तास. प्रत्यक्षात ते पाच-सहा बायकांवर येतं, दहा-बारा तास एकेकीवर. हजार विड्यांना आठ-दहा तास लागतात, म्हणजे तिची एका दिवसाची मजुरी बागेत गेली. आणि जिला दिवस भरलेत किंवा अंगावर तान्हं आहे ती राबू शकत नाही, म्हणजे नेमकी जिच्यासाठी बाग केली तीच यादीतून गळते. म्हणून पाणी-राखण करणाऱ्या एका-दोघींना ठरलेलं मानधन द्या, आणि बाकी घरांना पाळी लावा ती फक्त वजनी कामाची, खत वाहणं, खणणं, जाळी ठोकणं. त्यात पुरुषांची नावं पहिली.

मानधन कुठून? हिवाळ्यात उरणाऱ्या ४०-६० किलोंतून. ते वस्तीतच, मंडईच्या भावानं, वजनावर विका. जुडीवर नको, जुडीचा आकार बांधणाऱ्याच्या मर्जीवर असतो. बाहेरच्या दुकानाला देणं हे शेवटचं. वहीत चार रकाने पुरेत: तारीख, वाफा, किलो, कुणाला. वही समाजमंदिराच्या दाराला दोरीनं बांधून ठेवा, गटाच्या अध्यक्षांच्या घरात नको.

आणि उरलेल्या ९६ टक्क्यांचं काय? ते बागेतून नाही, खरेदीतून येतं. मार्केट यार्डात पहाटे पालेभाजीचा सौदा शेकड्यावर होतो. चाळीस घरांनी आठवड्यातून दोनदा दोन-दोन जुड्या घेतल्या तर एका खेपेला ८० जुड्या, जवळजवळ एक शेकडा. आदल्या रात्री आठपर्यंत ज्याचे पैसे जमा त्याचीच नोंद, उधारी नाही. दहा टक्के खराबी धरून भाव काढायचा. खरेदीचा दिवस आठवड्याची मजुरी हातात येते त्याच्या दुसऱ्या सकाळी ठेवा, मधल्या वारी केलात तर पैसे जमणार नाहीत. २०१६ पासून राज्यात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा आहे, म्हणून उत्तर किंवा दक्षिण सोलापुरातल्या एखाद्या शेतकऱ्याशी थेट बोललं तरी चालतं. पण आधी दोन महिने यार्डातून करून आपली मागणी किती पक्की आहे ते बघा. शेतकऱ्यानं माल काढून आणला आणि तुमची निम्मी घरं आली नाहीत, तर तो परत दारात उभा राहणार नाही.

झोनचा_चक्कर

अर्जाचं थोडक्यात. आधी सिटी सर्व्हेचा उतारा आणि मंजूर लेआउटची नक्कल काढा. जागा लेआउटची खुली जागा आहे की विकास आराखड्यात कशाला आरक्षित, ते त्यात कळतं. आरक्षण शाळेचं किंवा रस्त्याचं असेल तर तिथं घाम गाळू नका. अर्ज एका बाईच्या नावानं नको, दोन्ही गट ज्या वस्तीस्तर संघात आहेत त्याच्या लेटरहेडवर, झोन कार्यालय आणि उद्यान विभाग दोन्हीकडं, पोच घेऊन. मागणी "भाडेपट्टा" अशी केली की फाइल महापालिका अधिनियमाच्या कलम ७९ मध्ये, मालमत्ता देण्याच्या प्रक्रियेत जाते आणि बसते. "देखभालीसाठी परवानगी, जागेवर कोणताही हक्क सांगणार नाही" असं लिहिलं तर सोपं जातं. मुदत तीन वर्षं मागा. अकरा महिन्यांत माती नुकती कुठं सुधारलेली असते, आणि सुधारलेल्या, कुंपण घातलेल्या जागेवर नेमका सगळ्यांचा डोळा जातो.

टाकीचा ओटा अर्जाच्या नकाशात दाखवा, नाहीतर तेवढ्यावरून "पक्कं बांधकाम" म्हणून नोटीस येते. हापसा सार्वजनिक आहे, पिण्याच्या पाण्याला पहिला मान, बागेचं पाणी दुपारी दोन ते चार, हेही त्यातच लिहा.

पूर्वभाग_परसबाग

हे सगळं छापून बैठकीत वाचतो. शनिवारी तीन खड्डे घेतो, भंगारचा कोपरा दोरी लावून वेगळा करतो. हापशाचं पाणी सोमवारी तपासायला द्यायचंय, कोल्ड्रिंकच्या बाटलीत दिलं तर चालेल ना?

थेंबथेंब

कोल्ड्रिंकची नको, साध्या पाण्याची लिटरची बाटली घ्या. हापसा आधी दहा मिनिटं हापसून सोडा, नळीत रात्रभर साचलेलं पाणी नमुन्यात येता कामा नये. त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळा, काठोकाठ भरा, झाकणाखाली हवा ठेवू नका, आणि त्याच दिवशी पोचवा. पिण्यासाठीची चाचणी आणि सिंचनासाठीची चाचणी वेगळी, तुम्ही सिंचनाची मागा. अहवालात विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यातल्या क्षाराचं माप, ०.७ डेसिसायमन प्रति मीटरच्या आत आली तर काहीही लावा. ०.७ ते ३ मध्ये आली तर घेवडा वगळा, पालक-गवार सोसतात, आणि महिन्यातून एकदा भरपूर पाणी देऊन क्षार खाली ढकला. ३ च्या वर असेल तर हापसा बागेसाठी विसरा, टाकीच्या पाण्यावर जेवढे वाफे निघतील तेवढेच. आरएससी (पाण्यातला उरलेला सोडियम कार्बोनेट) नावाचा आकडा अडीचच्या वर असेल तर विद्युतवाहकता कितीही चांगली दिसली तरी ते पाणी काळ्या मातीला नको. अहवाल आला की इथं टाका, वाफे किती आणि नळ्या किती ते त्यावर ठरवू. तोपर्यंत नळ्या विकत घेऊ नका.